पिवळ्या खडूचा गोल

मंगळवार, २१ जानेवारी

शनिवारी दुपारी आमच्या कढईत पाइप फुटला. अश्वजितचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मानेवरही जस्त उडालं. कारखाना सुरक्षेच्या साहेबांना माझा लेखी जबाब हवा आहे. शेडमधला प्रत्येक माणूस मला वेगळी हकिकत सांगतो आणि काही जण तर मी आले की बोलायचेच थांबतात. म्हणून रोजचं रोज लिहून ठेवायचं ठरवलं. मला डायरीची हौस नाही. मन लावून शेवटची वही लिहिली ती बी.एस्सी.च्या प्रयोगांची, नांदेडला.

झालं ते असं. आमच्याकडे येणारं लोखंड गंजलेलं, तेलकट असतं. ते ॲसिडच्या टाकीत स्वच्छ होतं, मग धुऊन, वाळवून वितळलेल्या जस्तात बुडवायचं. बाहेर निघतं तेव्हा अंगावर जस्ताचा थर बसलेला असतो आणि पुढची कित्येक वर्षं पावसाला त्याच्याकडे बघत बसावं लागतं. जस्ताच्या त्या हौदाला सगळे कढई म्हणतात. कढई विझवायची नसते. दिवाळीत चालू असते, हे गेले त्या दिवशीही चालू होती.

धोका एकच. बंद पाइपात वेल्डिंगच्या बारीक फटीतून ॲसिडचं पाणी शिरलं आणि तो तसाच कढईत गेला, तर त्या पाण्याची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही तर पाइप बॉम्बसारखा फुटतो. म्हणून प्रत्येक पाइपाला दोन्ही टोकांशी भोक हवंच. यांच्या माघारी मी कारखाना हातात घेतला तेव्हा नियम केला : प्रत्येक नग मी स्वतः बघणार. भोक दिसलं की त्याभोवती पिवळ्या खडूनं गोल काढणार. गोल नसेल तर नग ॲसिडमध्ये जाणार नाही. गोल असेल तर त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही.

माल होता शिरूर अनंतपाळकडच्या एका गावातल्या महादेवाच्या रथाचा. जुना लाकडी रथ कुजला, म्हणून आता पाइपाची चौकट. शिवरात्रीला रथ निघायचा आहे. शनिवारी सकाळी मी निम्म्या नगांना गोल काढले, निम्मे सोमवारसाठी ठेवले. दुपारी पहिलाच नग बुडवला तो फुटला. एक टोक उडालं. दुसऱ्या टोकाला साहेबांनी बघितलं, भोक नव्हतं.

ॲसिडमध्ये खडू धुतला जातो, त्यामुळे त्या नगावर गोल होता की नाही हे आता दिसत नाही. पण विचार करायला खडू लागत नाही. भोक नसलेल्या नगाला मी गोल काढणं शक्य नाही. म्हणजे तो नग न तपासलेल्यातला. म्हणजे अश्वजितनं उचलताना ढीग बघितला नाही. शनिवार होता, घरी जायची घाई असेल.

बालाजी, आमचा फोरमन, त्या दिवशी साडूच्या घरच्या साखरपुड्याला निलंग्याला गेला होता. तो असता तर लक्ष ठेवलं असतं. दमले आहे.

बुधवार, २२ जानेवारी

दवाखान्यात जाऊन आले. बालाजी बरोबर होता. अश्वजितचा हात पांढऱ्या पट्टीत, पोरगा उशाला टेकून बसलेला. त्याची आई कस्तुराबाई स्टुलावर. मला बघून उठली नाही. उठावं अशी अपेक्षाही नव्हती.

मी सरळ विचारलं, "नग कोणत्या ढिगातला घेतलास?"

"गोलवाल्यातला, मॅडम."

"नीट आठव."

"गोल होता. दोन्ही टोकाला. मी बघितला."

"गोल होता तर भोकही असणार. भोक होतं?"

तो पट्टीकडे बघत राहिला. "गोल असल्यावर भोक कोण बघतं, मॅडम? तुम्हीच सांगितलेलं हाय ना, गोलावर शंका घ्यायची न्हाई म्हणून."

"म्हणजे भोक बघितलं नाहीस."

"बाई," कस्तुराबाई मध्येच म्हणाली, "लेकराला घास मी भरवून राहिले. हातानं पाणी पिता येईना त्याला. तुमी भोक कामून इचारून राहिलात?"

बालाजी तिला म्हणाला, "मावशी, तसं न्हाई." आणि मला बाहेर घेऊन आला. बोळात मी त्याला म्हटलं, मुलगा खोटं बोलतो आहे. तो म्हणाला, "खोटं न्हाई बोलत, अक्का." बालाजीचं हेच वाईट. अर्धं बोलतो आणि बाकीचं घरी नेतो.

दवाखान्याचा सगळा खर्च कारखान्याचा, हे मी कस्तुराबाईला सांगितलं. तिनं मान हलवली की नाही, कळलं नाही. तिथले दिवे फार मंद आहेत. माणसाचा चेहरा दिसत नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

या वहीच्या रेघा इतक्या फिकट छापल्या आहेत की नसल्यासारख्या. बॉलपेनांनाही आता शाई येत नाही. आज पुनमकडून काळा स्केचपेन मागून घेतला. पुनम म्हणजे ऑफिसमधली मुलगी. तिनं जबाबाचा कच्चा मसुदा टाइप करून आणला तो मुंगीच्या अक्षरात. मी फेकून दिला. दुसऱ्यांदा आणला, तरी तेच. तिसऱ्या वेळी म्हणाली, "मॅडम, याच्यापेक्षा मोठं केलं तर पाटीवर लावायचं होईल." हल्लीच्या मुलांना उलट बोलायचं मात्र मोठ्या अक्षरात येतं.

कढईवरचा क्रेनचा गर्डर मध्यभागी वाकलेला दिसतो आहे. स्फोटाचा धक्का बसला असणार. बालाजीला वर चढवलं. दोरी लावून बघितली म्हणाला, "सरळ हाय, अक्का." मी खालून बघते तर बरोबर मधोमध पोक आलेलं. दोरी ताणली नसेल त्यानं.

आणखी एक. रथाचे राहिलेले नग अंगणात पडून होते, ते आज ताडपत्रीखाली. जानेवारीत पाऊस कुठला? विचारलं तर म्हणतो, "दव पडतंय." लोखंड गंजू नये म्हणून ज्या कारखान्यात जस्त चढवतात तिथला फोरमन दवाला भितो! काढ म्हटलं, काढतो म्हणाला. संध्याकाळी तशीच होती. मी सोडून दिलं. हल्ली रोज दोन-चार गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

त्याच्या सवयी बिघडल्या आहेत. दिवाळीच्या आसपासपासून मी माल तपासून गेले की हा ड्रिल मशीन घेऊन माझ्या मागून अंगणात फिरतो. एकदा पकडला तर म्हणाला, "सांधे बघून राहिलो." सांध्यांना ड्रिल कशाला लागतं?

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. लातूरच्या कारखानदारांच्या सभेत एका वक्त्यानं माझ्याकडे हात करून सांगितलं की जस्तासारखं जगावं : स्वतः झिजावं आणि लोखंडाला वाचवावं. टाळ्या. मला असल्या गोष्टींचा कंटाळा आहे. जस्त त्याग करत नाही. त्याचा इलेक्ट्रॉन लोखंडापेक्षा लवकर सुटतो, एवढंच. थराला ओरखडा पडला तरी भोवतीचं जस्त आधी गंजतं आणि उघडं पडलेलं लोखंड शाबूत राहतं. यात पुण्य कुठलं? जवळ असतं म्हणून गंजतं.

परतताना पायरी चुकले. बालाजीनं दंड धरला. तो माझ्या इतका जवळून का चालत होता, कोण जाणे.

मंगळवार, २८ जानेवारी

आमच्या टेम्पोनं शिरूर अनंतपाळला गेले. बालाजी म्हणत होता, "कशाला जाता, फोनवर इचारू." मी ऐकलं नाही. ज्यानं चौकट बनवली तो चन्नबसप्पा माझ्या सासरच्या दूरच्या नात्यातला. दुकानातच भेटला.

"शरणार्थ, अक्का. या, बसा. पोराचा हात कसा हाय?"

मी बसले नाही. "भोकं पाडायचा नकाशा दिला होता. पाडली नाहीस?"

"पाडली व्हती की! देवाशपथ. तुमच्या नकाशाबरहुकूम, एकूण एक." त्यानं आवाज खाली आणला. "पन निघायच्या आदल्या दिवशी गावात पूजा झाली. पार्वतम्मा आली..."

पार्वतम्मा शेजारच्याच घरातून आली, कुणी बोलावलं नव्हतं. रथाची चौकट तिनंच देवाला अर्पण केलेली. वय झालेलं, कपाळभर विभूती, काठी टेकत उभी राहिली.

"मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "देवाच्या रथाला भोकं? फुटकी घागर पूजेला ठेवत न्हाईत, फुटका शंख वाजवत न्हाईत, आन् महादेवाला भोकाच्या गाडीत बसवायचं व्हय गं? खंडित वस्तू हाय ती. भर म्हनलं, तवा त्यानं भरली."

"वेल्डिंगनं भरली," चन्नबसप्पा म्हणाला, "आन् ग्राइंडर मारून सपाट केली. हात फिरवला तर कळनार न्हाई, असं केलं."

"आणि मला कळवलं नाहीस."

"अक्का, कळवायचं काय त्यात? तुमच्याकडं गेलं की तुमी बघणार, भोक न्हाई म्हनणार, तिथंच पाडून घेणार. मंग आमचं पाप न्हाई, तुमचं काम न्हाई थांबत. अंबिकाअक्काच्या नजरेतून टाचणी सुटत न्हाई, हे सगळ्या जिल्ह्याला म्हाईत हाय."

मी विचारलं, "किती नगांची भरलीस?"

"सगळ्याच की."

सगळ्या नगांची भरली, असं तो म्हणतो. हे शक्य नाही. निम्म्या नगांवर मी स्वतः गोल काढले, प्रत्येक गोलाच्या मध्ये काळं भोक मी पाहिलं आहे. काळं, गोल, बरोबर मधोमध. चन्नबसप्पा पार्वतम्मासमोर भक्ती दाखवायला वाढवून सांगत असणार. अर्धी भरली असतील आणि बाकीची विसरला असेल. मी तसं बोललेही. तो बालाजीकडे बघायला लागला. बालाजी टेम्पोचं चाक बघत होता.

पार्वतम्मा जाताना म्हणाली, "त्या लेकराला माझ्यामुळं लागलं. विभूती देते, कपाळाला लाव त्याच्या." मी म्हटलं, त्याच्या घरी विभूती लावत नाहीत. ती म्हणाली, "मंग तू लाव. तुला गरज दिसतीय." म्हाताऱ्या माणसांना उलट बोलता येत नाही म्हणून बोलले नाही. पुडी पर्समध्ये आहे.



गुरुवार, ३० जानेवारी

जबाब तयार. त्यात लिहिलं आहे : फॅब्रिकेटरनं न कळवता भोकं बुजवली आणि कामगार अश्वजित यानं तपासणी न झालेला नग निष्काळजीपणे उचलला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अश्वजितला परत कामावर घेता येणार नाही. कढईपाशी घाई करणारा माणूस मला नको. वाईट वाटतं, पण वाटून उपयोग नाही. उद्या दुसरा कुणी मरेल.

बालाजीला वाचून दाखवायला पुनमला सांगितलं. तो उभ्यानं ऐकत होता.

"अक्का, त्याचं नाव नका लिहू."

"मग कुणाचं लिहू?"

"माझं लिहा. मी सुट्टीवर गेलो, माझी गलती. मी असतो तर हे झालंच नसतं."

"तू असून काय केलं असतंस?"

त्यानं टेबलावरचा जबाब उचलला, परत होता तिथं ठेवला. मग म्हणाला, "काही न्हाई."

"बालाजी, खोटा जबाब मी देणार नाही. तुझ्या नावानंही नाही."

"हाव," म्हणाला. "ते तर म्हाईत हाय. म्हणून तर भ्या वाटतंय."

पुनम रडत होती. विचारलं तर म्हणाली, डोळ्यात कचरा गेला. ऑफिसात कचरा कुठून येतो?

शनिवार, १ फेब्रुवारी

सुकन्या आली, नांदेडहून. माझी मुलगी, तिथंच विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवते. येते आहे असं तिनं कळवलं नव्हतं. मला वाटतं बालाजीनं फोन केला. कशासाठी, ते दोघांनीही सांगितलं नाही.

सकाळी चहा ओतताना कपाच्या कडेला सांडला. तिनं फडकं घेतलं आणि पुसलं. मग म्हणाली, "आई, खिडकीच्या गजांकडे बघ. सरळ दिसतात?"

"मधले वाकलेले आहेत. घर जुनं झालं."

"मागच्या वर्षी मीच बसवून घेतले ना गं."

मी म्हटलं, मग फसवलं तुला. ती समोर येऊन बसली. अगदी गुडघ्याला गुडघा लावून, लहानपणी पाढे म्हणायला बसायची तशी.

"आई, माझ्या कपाळावर टिकली आहे?"

"आहे."

"कोणत्या रंगाची?"

"काळी. हल्ली काळ्याच लावता तुम्ही सगळ्या."

"मी आज टिकली लावलेली नाही, आई."

ती रोज लावते, म्हणून मी सवयीनं म्हटलं असेन. यात डोळे भरून येण्यासारखं काही नव्हतं. नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात चल म्हणते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, वाढू दे, आधी जबाबाचं संपवू. ती रात्री माझ्या खोलीत झोपली. तिला वाटलं मी झोपले आहे. मीही तेच वाटू दिलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

जबाबावर सही करण्याआधी एक फोटो जोडायचा ठरवला. ताडपत्रीखालचे गोल काढलेले नग, भोकांसकट. म्हणजे साहेबांना कळेल की तपासलेला माल कसा दिसतो. पुनमला मोबाइल घेऊन अंगणात यायला सांगितलं. बालाजी भिंतीपाशी उभा होता. ताडपत्री काढ म्हटलं. त्यानं काढली नाही. मी काढली.

गोल होते. पिवळे, स्वच्छ, माझ्या हाताचे. प्रत्येकाच्या मध्ये काळं भोक. मी पुनमला म्हटलं, "काढ फोटो." ती म्हणाली, "काय काढू, मॅडम?" मी चिडले. म्हटलं, भोक. दाखवते. आणि दाखवायला बोट आत घातलं.

बोट आत गेलं नाही.

दुसरा बघितला. तिसरा. खाली बसून एकेक बघितला. बोटाखाली गार, सपाट लोखंड. चन्नबसप्पानं काम चांगलं केलं आहे, हाताला सांधा लागत नाही. गोल माझा आणि आत काही नाही. बोट काढलं की पुन्हा काळं भोक दिसायला लागायचं. शेवटी मी नग सोडून आभाळाकडे बघितलं. आभाळातही होतं.

त्याच दिवशी, उशिरा

बालाजीला समोर बसवला. पुनमलाही. लिहून ठेवते, कारण लिहायचं ठरवलं होतं.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपास्नं. एक गेट आलं होतं, त्याला भोक नव्हतं आन् गोल होता. मला वाटलं, एखाद्या वेळी होतं. मग दुसरं आलं."

"आणि तू माझ्या मागून ड्रिल घेऊन फिरायचास."

"हाव."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू, अक्का? तुमाला दिसत न्हाई म्हणून? मालक गेल्यावर सगळे म्हणत होते, बाई काय कारखाना चालवणार. तुमी चालवला तो त्या नजरेवर. तीच कशी काढून घ्यायची?" तो हात चोळत होता. "मला वाटलं, मी हाय की. मागून बघत जाईन. कुणाला कळायचं न्हाई."

"कुणाला कळलं नाही?"

पुनम हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं, मॅडम."

"अश्वजितला?"

"त्यालापन," बालाजी म्हणाला. "त्याला वाटलं, त्या दिवशी सकाळी मी बघून गेलो असेन. मी रातच्यालाच निलंग्याला गेलो होतो. सांगायचं राहिलं. सुरक्षेचे साहेब दवाखान्यात जाऊन त्याला इचारून गेले, बाईंची चूक हाय का म्हणून. न्हाई म्हणाला. कुठला ढीग, आठवत न्हाई म्हणाला."

मला तो गोल होता म्हणून सांगत होता, आणि साहेबांना आठवत नाही म्हणून. मी त्याला खोटा म्हटलं होतं. एकीकडे तो खोटा होताच. पण ज्यासाठी मी म्हटलं त्यासाठी नाही.

रागवायचं ठरवलं होतं. बालाजीनं तेव्हाच तोंड उघडलं असतं तर त्या मुलाचा हात वाचला असता, हे मी त्याला बोलले. तो "हाव" म्हणाला. मी तरी कुणाला तोंड उघडायची जागा ठेवली होती? गोलावर बोलायचं नाही, हा नियम माझाच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नांदेड. डोळ्यात औषध घालून बसवून ठेवलं. डॉक्टर मुलगी सुकन्याहून लहान. तिनं यंत्रातून बघितलं आणि नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल तिचं कौतुक. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला आहे. कडेचं दिसत राहील. मधलं जातं, आणि गेलेल्या जागी डाग दिसतो. सरळ रेघा वाकड्या दिसतात. इंजेक्शनं घेऊन आहे ते राखता येईल, गेलेलं परत येणार नाही.

मी विचारलं, "म्हणजे जिथं बघेन तिथं भोक दिसणार?"

ती म्हणाली, "तुम्ही अगदी बरोबर शब्द वापरला, आजी."

आजी म्हणाली म्हणून रागावले नाही. त्रास करून घ्यायचं त्राण नव्हतं. गर्डर सरळ होता. खिडकीचे गज सरळ होते. पुनमनं टाइप केलेलं अक्षर मोठंच होतं.

पहिलं इंजेक्शन घेतलं. सुकन्या म्हणते, आता विष्णुपुरीलाच राहा. बघू म्हटलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

जुना जबाब फाडला. नवा पुनमनं लिहिला, मी सांगितला. नग तपासणी माझी, गोल माझा, भोक नव्हतं हे मला दिसलं नाही, कारण मला दिसत नाही. कामगारांनी गोलावर शंका घेऊ नये हा नियम माझा. अश्वजितची चूक नाही. बालाजीबद्दल काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं की माझ्या दोषाची माहिती फोरमनला होती आणि तो दोष झाकण्यासाठी तो स्वतःचं काम सांभाळून माझं काम करत होता. हे खरं आहे. वाचून तो म्हणाला, "एवढं कशाला?" मी म्हटलं, खोटा जबाब देणार नाही, हे तुला माहीत आहे.

साहेब म्हणाले, "मॅडम, हे तुमच्यावर येईल." मी म्हटलं, येणार कुणावर होतं?

रथाचे नग पुन्हा ड्रिल केले. पार्वतम्माला मी फोनवर सांगितलं की भोकं पडणार, त्याशिवाय कढईत जाणार नाही. बुडवून झालं की प्रत्येक भोकात जस्ताचं बूच ठोकून बसवू, पाणी शिरणार नाही, वस्तू सगळी अखंड होईल. ती म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर मी कशाला भर म्हनले असते?" खरं आहे. आधी कुणीच कुणाला काही सांगितलं नव्हतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अश्वजितला घरी सोडलं. आईबरोबर कारखान्यात आला. बोटं हलतात, मूठ अजून वळत नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी त्याला खोटा म्हटलं ते चूक होतं. तो म्हणाला, "ठीक हाय, मॅडम." कस्तुराबाई म्हणाली, "ठीक न्हाई. पन बोललात ते बरं झालं." या वेळी तिचा चेहरा बघायला मान थोडी वळवून, कडेनं बघितलं. डॉक्टरनं शिकवलं आहे तसं. चेहरा थकलेला आहे.

कढईवर तो इतक्यात जाणार नाही. बालाजीला फार झालं. तपासणीला माणूस हवा. अश्वजित म्हणाला, "मला? माझ्याच हातावर फुटलं ना ते."

"म्हणूनच. आता तू भोक बघितल्याशिवाय राहणार नाहीस."

"आन् तुमी काढलेला गोल असला तर?"

"तर जास्त बघ."

पहिल्यांदाच हसला. बालाजी म्हणाला, "अक्का, मी मागनं बघत जाईन की याच्या." मी म्हटलं, जा, पण सांगून जा.

हे पुनमच्या हातानं लिहिते आहे, मी सांगते आहे. वाचून दाखवायला सांगितलं, बरोबर आहे.

आज ताब्यात दिलं :

अश्वजित यास : पिवळ्या खडूचा डबा. तपासणीची सळई, नवीन, टोक गोल केलेली. सळई आत गेल्याशिवाय गोल काढायचा नाही. गोल काढलेल्यावर कुणीही विचारू शकेल.

बालाजी यास : शेडच्या व कढईच्या खोलीच्या किल्ल्या. ड्रिल मशीन त्याच्याकडे आधीपासूनच होतं, ते आता नावावर.

पार्वतम्मा यांस : रथाची चौकट, जस्त चढवून, बुचं बसवून. विभूतीची पुडी परत दिली नाही.

अश्वजितनं डाव्या हातानं सही केली. पुनम म्हणते, वाकडी आहे, पण त्याचीच आहे असं ओळखू येतं.